पेटीभर पुस्तकं आणि एक विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा शिक्षणप्रवास

विद्यार्थी मित्रांनो, ७ नोव्हेंबर हा दिवस आपल्या महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळेत आपण फोटोला हार घालतो, भाषणं करतो. पण याच तारखेला हा दिवस का, हे विचारलं की वर्गात बरेचदा शांतता पसरते. तर बघा, ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. म्हणून हा दिवस विद्यार्थी दिवस.

बाबासाहेबांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. आजच्या पाठात मात्र आपण त्यांना एक विद्यार्थी म्हणून पाहणार आहोत. शिकायला घर सोडून निघालेला, सामान बांधणारा, पैसे मोजून खर्च करणारा विद्यार्थी. आपल्या ताडकळसहून दहावीनंतर मुलं-मुली पूर्णा, परभणी, नांदेडला शिकायला जातात. बॅग भरताना घरात केवढी धावपळ असते! चादर घेतली का, डबा घेतला का, चिवडा-लाडू घेतले का. म्हणून आजचा पाठ खास त्यांच्यासाठी.

पहिला प्रवास : डबा होता, पाणी नव्हतं

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. निवृत्त झाल्यावर ते कोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून नोकरी करत होते आणि मुलं साताऱ्याला राहत होती. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांनी मुलांना आपल्याकडे बोलावलं. भीमराव तेव्हा साधारण दहा वर्षांचे.

मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट अशी जय्यत तयारी झाली. सोबत जेवणाचा डबाही होता. मुलं आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. पण वडिलांना पत्र वेळेवर न मिळाल्यामुळे घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. मुलं महार जातीची आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या अटीवर. रात्रभर प्रवास झाला. डबा उघडला तर प्यायला स्वच्छ पाणी नाही, आणि मागितलं तरी कुणी देईना. मुलं तशीच उपाशी झोपली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. अंगावर नवे कपडे असले आणि हातात पैसे असले तरी पाण्याचा घोट मिळत नाही, हे त्या मुलाला पहिल्याच प्रवासात समजलं.

दागिना गहाण आणि पुस्तक हातात

पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत राहायला गेलं. घर म्हणजे एकच खोली. वडील स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भीमरावांना अभ्यासाला उठवायचे आणि त्या जागेवर आपण झोपायचे. मुलाने पुस्तक मागितलं आणि पैसे नसले की रामजीबाबा आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. तिथेही पैसे नसले तर लेकीचा एखादा दागिना मागून आणायचे, तो गहाण ठेवायचे आणि पुस्तक घ्यायचे. पेन्शन मिळाली की दागिना सोडवून परत नेऊन द्यायचे.

मुलांनो, इथे जरा थांबून विचार करा. बाबासाहेबांचं पुस्तकांचं वेड आपण खूप ऐकतो. ज्या मुलाने पुस्तकासाठी बहिणीचा दागिना गहाण पडताना पाहिला, त्याला पुस्तकाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर त्यांना वाचायला पुस्तकं द्यायचे आणि कपडेही द्यायचे. अशा मदतीवर ते बी.ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तोच वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी बर्फी घ्यायला ते खाली उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा वडील शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले.

न्यूयॉर्क : साडेअकरा पौंडांचा महिना

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला विद्यार्थी पाठवायचं ठरवलं. ४ जून १९१३ रोजी करार झाला. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची होती. त्या वेळी एका पौंडाचे १५ रुपये होत, म्हणजे महिन्याला सुमारे १७२ रुपये. आपल्याकडे ही रक्कम मोठी, पण न्यूयॉर्कमध्ये खोली, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं त्यातच भागवायचं होतं. शिवाय मुंबईत पत्नी रमाबाई आणि घरची माणसं होती. त्यांनाही त्यातूनच पैसे पाठवायचे होते.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आधी हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण मानवेना, म्हणून आठवडाभरात भारतीय मुलं राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ही मैत्री जन्मभर टिकली. नवल भथेना हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

इथे टेबलावर सगळ्यांबरोबर जेवता येत होतं, कुणी जात विचारत नव्हतं. सुरुवातीचे दिवस नव्या शहरात मित्रांबरोबर फिरण्यात गेले. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की ही संधी पुन्हा येणार नाही. मग अभ्यास असा सुरू झाला की विचारू नका! अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि शिवाय मानववंशशास्त्र, राज्यशास्त्राचे अभ्यासक्रम त्यांनी घेतले. पदवीसाठी एवढे अभ्यासक्रम घेण्याची गरजच नव्हती. एडविन सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे नामवंत प्राध्यापक त्यांना शिकवायला होते. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त २५ वर्षं.

जेवणखाणात काटकसर करून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचे. अशी सुमारे दोन हजार पुस्तकं त्यांनी जमवली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. एवढं ओझं सोबत नेणं शक्य नव्हतं. पुस्तकं एका ओळखीच्या माणसावर सोपवली, पण त्यातली सगळी काही परत मिळाली नाहीत.

पुस्तकं समुद्रात बुडाली

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातलं. अभ्यासाला गती आली, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. दोन्ही अभ्यासक्रम अर्धवट राहिले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केलं. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळवून ठेवली.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. भीमरावांनी आपलं सामान, त्यातली पुस्तकं, थॉमस कुक कंपनीमार्फत विमा उतरवून मालवाहू बोटीने पाठवलं. आपण स्वतः रेल्वेने फ्रान्समधल्या मार्सेल्स बंदरात गेले आणि तिथून कैसर-ए-हिंद बोटीने निघाले. वाटेत बोट बुडवल्याची बातमी आली तेव्हा मुंबईत घरच्यांचा जीव टांगणीला लागला. नंतर खुलासा झाला. बुडाली ती सामानाची बोट. माणूस वाचला, पुस्तकं गेली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले.

पुढे सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. बडोद्याला नोकरीवर जायला पैसे नव्हते, ते याच रकमेतून आले. म्हणजे बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांवर ते बडोद्याला गेले.

बडोद्याला काय झालं? अमेरिकेहून शिकून आलेल्या या माणसाला शहरात भाड्याने खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. वरच्या मजल्यावर अडगळ भरलेली, मिणमिणता कंदील. तिथे एकटे बसून ते वाचत राहायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. ओळखीच्यांकडे विचारून पाहिलं, कुणी घरात घेईना. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, तोवर ते कामाठी बागेत बसून राहिले. मसूरच्या स्टेशनवरचा मुलगा आता जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकून आला होता, तरी त्याला राहायला छप्पर मिळालं नाही.

पुन्हा लंडन : चार पापड आणि ग्रंथालय

एवढं झाल्यावर कुणीही म्हटलं असतं, जाऊ द्या ते लंडन. पण चार वर्षांची मुदत त्यांच्या डोक्यात पक्की होती. नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. आणि नवल भथेना यांनी ५,००० रुपये उसने दिले. बघा, पारशी विश्रामगृहातून हाकलून दिलेल्या माणसाला पैसे देणारा मित्रही पारशीच होता.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. मुदत संपायच्या आत!

या वेळी पैसे आणखी कमी होते. घरमालकीण अगदी मोजून-मापून खायला द्यायची. सकाळी चहा, पावाचा तुकडा, थोडं काहीतरी. ग्रंथालयाचं दार उघडताच ते आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. गाडीभाडं वाचवायला पायी चालायचे. रात्री अभ्यास करताना भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून चार पापड खायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. तिकडे रमाबाई मुंबईत तेवढ्याच तंगीत घर चालवत होत्या. बाबासाहेबांच्या पदव्या मोजताना रमाईंचे हे दिवसही मोजायला हवेत.

१९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर. डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. पौंड, डॉलर आणि रुपये यांचा हिशेब ज्याला रोज करावा लागला, त्याने रुपयावरच प्रबंध लिहावा हे किती साजेसं आहे! प्रबंधात इंग्रज सरकारच्या चलनविषयक धोरणावर कडक टीका होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध सुधारला आणि परत पाठवला. वर्ष संपायच्या आत डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. १९२७ मध्ये रीतसर पूर्ण झाली.

पुस्तकांसाठी घर, मुलांसाठी कॉलेज

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं. घर बांधताना पुस्तकांच्या जागेचा विचार आधी केला. समुद्राने नेलेली पुस्तकं परत आली नाहीत, पण त्यांनी कितीतरी पटींनी नवी जमवली.

आणि त्यांनी शिक्षण स्वतःपुरतं ठेवलं नाही. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. तेव्हा आपल्या मराठवाड्यात कॉलेज हे दुर्मीळच होतं. गावोगावची गरीब मुलं पत्र्याची पेटी घेऊन तिथे शिकायला गेली. त्यांच्या वाट्याला आपल्यासारखे दिवस येऊ नयेत, म्हणून वसतिगृहाचीही सोय केली. ज्याला बडोद्यात खोली मिळाली नव्हती, त्याने मराठवाड्यातल्या मुलांना राहायला जागा दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

या पाठातून आपण काय घ्यायचं?

१) पैसे कमी असले तर आधी कशावर खर्च करायचा, हे ठरवता आलं पाहिजे.
२) अभ्यास अर्धवट सोडावा लागला तरी परत येण्याची वाट उघडी ठेवावी. लंडनची परवानगी आठवा.
३) नुकसान झालं म्हणून थांबायचं नाही. पुस्तकं बुडाली, वाचलेलं बुडालं नाही.
४) आपण शिकलो की मागच्यांसाठी काहीतरी उभं करायचं.

म्हणून मुलांनो, पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणी नांदेडला किंवा पुण्याला निघालं तर बॅगेत चिवडा-लाडू जरूर घ्या. आईला नाही म्हणू नका! पण एक कोपरा पुस्तकांसाठी रिकामा ठेवा.

स्वाध्याय

१) ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून का साजरा करतात?
२) १९१७ मध्ये बाबासाहेबांचं कोणतं नुकसान झालं? भरपाईचे पैसे कशासाठी उपयोगी पडले?
३) नवल भथेना यांनी बाबासाहेबांना कोणती मदत केली?
४) तुमच्या गावातून बाहेरगावी शिकायला गेलेल्या ताई-दादांना भेटा. जाताना त्यांनी सोबत काय नेलं होतं, ते विचारून दहा ओळी लिहा.