क्लाउझेव्हिट्स : इतिहासातून युद्ध वाचणारा सेनानी

युद्धशास्त्रावरील ग्रंथांत कार्ल फोन क्लाउझेव्हिट्सच्या ‘युद्धाविषयी’ या ग्रंथाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यामागे इतिहासाचे केवढे परिशीलन उभे आहे, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

१७८० साली प्रशियातील बुर्ग येथे जन्मलेला हा मुलगा वयाच्या बाराव्या वर्षीच सैन्यात दाखल झाला. १८०१ मध्ये बर्लिनच्या युद्धशाळेत त्याला शार्नहोर्स्टसारखा गुरू लाभला आणि राहून गेलेले शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले. १८०६ साली येना व आउअरश्टेटच्या रणांगणांवर नेपोलियनच्या सैन्याने फ्रेडरिक द ग्रेटची परंपरा सांगणाऱ्या प्रशियन सेनेची एका दिवसात दाणादाण उडवली. क्लाउझेव्हिट्स स्वतः फ्रेंचांचा कैदी झाला. शिस्त, कवायत, शौर्य यांपैकी कशाचीही उणीव नसताना असे का घडावे, या प्रश्नाने त्याची पुढे पाठ सोडली नाही.

१८१२ मध्ये प्रशियाने नेपोलियनशी तह करताच तो रशियाच्या सेवेत गेला. राजाची नाराजी त्याला दीर्घकाळ भोवली. १८१८ साली बर्लिनच्या युद्ध महाविद्यालयाचे संचालकपद मिळाले, तेही केवळ प्रशासनापुरते, अध्यापनाचा अधिकार नसलेले. एका परीने ते इष्टच झाले. पुढील बारा वर्षे लेखनाला मिळाली.

त्याने शंभराहून अधिक मोहिमांचा अभ्यास केला. परंतु इतिहासातून तयार नियम काढण्यास त्याचा विरोध होता. पराभूत सेनापतीला निकाल ठाऊक झाल्यावर दोष देणे सोपे असते. त्या क्षणी त्याला काय माहीत होते, कोणते पर्याय खुले होते, हे तपासून मगच निर्णयाचे मूल्यमापन करावे, असा त्याचा आग्रह होता. अपुऱ्या बातम्या, चिखल, थकवा व योगायोग यांमुळे कागदावरची सोपी योजना रणांगणावर अडखळते; या अडथळ्यांना त्याने ‘घर्षण’ म्हटले. अनेक लढायांचे ओझरते दाखले देण्यापेक्षा एकच लढाई तपशिलाने समजून घ्यावी, असेही त्याचे मत होते. त्याने लिहिलेल्या १८१५ च्या मोहिमेच्या इतिहासातील टीकेला वेलिंग्टनला १८४२ मध्ये टिपण लिहून उत्तर द्यावेसे वाटले. १८०३ साली असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच.

१८३० मध्ये बदलीचा हुकूम येताच क्लाउझेव्हिट्सने हस्तलिखिते बांधून मोहोरबंद केली. ती पुन्हा उघडणे त्याच्या नशिबी नव्हते. १६ नोव्हेंबर १८३१ रोजी ब्रेस्लाऊ येथे पटकीने त्याचे निधन झाले, तेव्हा तो अवघा एक्कावन्न वर्षांचा होता. पत्नी मारीने ती बासने सोडली व १८३२ पासून प्रकाशन सुरू केले. १८३६ मध्ये तीही निवर्तली आणि उरलेले काम इतरांनी पुरे केले. एकूण दहा खंडांपैकी पहिले तीनच ‘युद्धाविषयी’चे आहेत, उरलेले सात मोहिमांच्या इतिहासाचे आहेत.