नाना फडणवीसांना रंगवणारे जेम्स वेल्स कोण होते?

महाड : पेशवेपदाच्या वारसावरून पुण्यात गोंधळ माजला असताना १७९६ मध्ये नाना फडणवीस महाडला येऊन राहिले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी निजामाशी केलेला करार 'महाडचा तह' म्हणून ओळखला जातो. हे नाना दिसायचे कसे, हे आज आपल्याला माहीत आहे. त्याचे मोठे श्रेय एका स्कॉटिश चित्रकाराला जाते.

कोण होते वेल्स?
जेम्स वेल्स यांचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेडचा. चाळिशी ओलांडल्यावर, १७९१ मध्ये ते मुंबईत आले. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांनी त्यांना आश्रय दिला. १७९२ मध्ये त्यांनी सवाई माधवराव पेशवे आणि नाना यांचे एकत्र तैलचित्र रंगवले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंदे यांचेही चित्र त्यांनी काढले.

निसर्गचित्रांत काय दिसते?
अठराव्या शतकात फ्रान्समध्ये 'रोकोको' शैली बहरली होती. वातोसारख्यांच्या चित्रांत मऊ, सोनेरी उजेड, धूसर झाडी आणि मोठ्या आभाळाखाली छोटी माणसे दिसतात. वेल्स या शैलीचे चित्रकार नव्हते. पण तसाच शांत, मवाळ उजेड त्यांच्या मुंबईच्या १२ दृश्यांत जाणवतो. १७९१-९२ मध्ये प्रत्यक्ष जागेवर रेखाटलेल्या या चित्रांत फिकट आभाळ, समुद्र, ताडमाड आणि लांबचे डोंगर आहेत. तेव्हा कॅमेराच नव्हता. त्यामुळे मोठे भराव पडण्याआधीची मुंबई पाहायची, तर अशा चित्रांचाच आधार उरतो.

शेवट कसा झाला?
नंतर वेल्स वेरूळसारख्या लेण्यांची चित्रे काढण्यात गुंतले. पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट या कामात त्यांच्यासोबत होते. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात तापाने वेल्सही गेले. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

मुंबईची दृश्ये १८०० मध्ये, तर वेरूळची चित्रे १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पेशवे दरबाराचे मोठे चित्र वेल्स यांच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी पूर्ण केले आणि ते १८०५ मध्ये लोकांसमोर आले. यातले काहीच वेल्स यांना पाहता आले नाही.

नाना महाडला आले, तेव्हा त्यांच्यासोबत चित्रात बसलेला तरुण पेशवा आणि ते चित्र रंगवणारा, दोघेही हयात नव्हते.