सर सालारजंग आणि मोगलाईची हद्द

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत, बालाघाटच्या मुलखांत, नांदूरघाट हें गांव आहे. आज या गांवाहून पश्चिमेस जामखेडकडे अथवा दक्षिणेस बार्शीकडे निघालेल्या गाडीस अडवून गोणींत काय आहे असें कोणी विचारीत नाहीं. जिल्ह्याची सीमा कोठें ओलांडली हें रस्त्यावरील पाटी वाचल्यावांचून कळतही नाहीं. परंतु आपल्या पूर्वजांच्या काळीं हीच दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचें राज्य, ज्यास आपल्याकडील लोक मोगलाई म्हणत. पलीकडे इंग्रजी अंमलांतील अहमदनगर व सोलापूर हे जिल्हे. मध्यें करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका असे. ही हद्द सांभाळण्यांत व शक्य तेथें परत मिळविण्यांत ज्यांचें उभें आयुष्य गेलें, त्या सर सालारजंगांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. हैदराबादचें प्रसिद्ध वस्तुसंग्रहालय पाहून आलेल्या मुलांस हें नांव ठाऊक असतें. परंतु तो संग्रह करणारे गृहस्थ त्यांचे नातू होत. आजोबांनीं जें जमविलें तें अगदीं निराळें होतें.

त्यांचें मूळ नांव मीर तुराब अली खान. त्यांचा जन्म १८२९ सालीं झाला. घराणें दिवाणांचें होतें. पणजोबा मीर आलम, आजोबा मुनीर-उल्-मुल्क आणि चुलते सिराज-उल्-मुल्क या तिघांनींही निजामाची दिवाणगिरी केली होती. वडील लहानपणींच वारल्यामुळें मुलाचें संगोपन आजोबांनीं व चुलत्यांनीं केलें. फारशी व अरबी यांबरोबरच त्यांनीं इंग्रजी भाषाही चांगली अवगत करून घेतली. त्या काळच्या हैदराबादच्या सरदारांत ही गोष्ट विरळा होती आणि पुढें तिचा त्यांना फार उपयोग झाला.

मोगलाईची हद्द ही कधींच स्थिर राहिली नव्हती. नांदूरघाटाहून पश्चिमेस कांहीं मजलांवर खर्डें आहे. तेथें १७९५ च्या मार्च महिन्यांत मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला आणि परिंड्यापासून तापीपर्यंतची पट्टी व दौलताबादचा किल्ला तहांत मागून घेतला. पुढें पुण्यांत गादीचा तंटा माजला आणि त्यांतील बराचसा मुलूख निजामाकडे परत गेला. समुद्रकिनारा तर त्यापूर्वींच गेलेला होता. पूर्वेकडील उत्तर सरकार प्रांत १७६६ च्या तहानें कंपनीकडे गेला व गुंटूर १७८८ त गेलें. तेव्हांपासून एवढ्या मोठ्या राज्यास स्वतःचें एकही बंदर उरलें नाहीं. १८०२ च्या व्यापारी तहानें मछलीपट्टणचें बंदर वापरण्याची मोकळीक मिळाली खरी, परंतु दुसऱ्याच्या बंदरांतून माल आणणें आणि स्वतःचें बंदर असणें यांत पुष्कळच अंतर आहे.

याहून मोठा घाव १८५३ च्या मे महिन्यांत बसला. हैदराबादेंत कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाताखालीं एक फौज ठेवलेली होती व तिचा खर्च निजामानें द्यावयाचा होता. ती रक्कम तुंबत गेली, तिच्यावर व्याज चढलें, आणि फेड होईना तेव्हां वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं द्यावे लागले. तहावर सही होऊन आठवडा लोटला नाहीं तोंच दिवाण सिराज-उल्-मुल्क मरण पावले आणि महिनाअखेरीस दिवाणगिरीचीं वस्त्रें चोवीस वर्षांच्या पुतण्यास मिळालीं. बीडकडील लोकांच्या दृष्टीनें पाहिलें तर यामुळें इंग्रजी हद्द दक्षिणेकडूनही अगदीं जवळ आली. कारण धाराशिवचा मुलूख केजला लागूनच आहे. तेथें इंग्रजांच्या वतीनें कारभार पाहण्यास मेडोज टेलर हे अधिकारी आले. ठगांवरील कादंबरी लिहिणारे ते हेच.

नव्या दिवाणाच्या हातीं आलेला खजिना रिकामा होता. सारावसुलीचे मक्ते दिले जात, आणि मक्तेदार पुढील वर्षाची खात्री नसल्यामुळें रयतेस चालू वर्षींच पिळून घेई. कित्येक तालुके अरब जमादारांकडे व सावकारांकडे गहाण पडलेले होते. त्यांतच राहदारीची भर. जकात ही राज्याच्या सीमेवर एकदां घ्यावयाची, असा नियमच नव्हता. जागोजागच्या जहागिरीच्या वेशीवर व घाटाच्या तोंडाशीं कोणीतरी हात पसरून बसलेला असे. कापसाचा अथवा मिठाचा बैल मुक्कामास पोंचेपर्यंत मालावर इतके पैसे चढत कीं, व्यापाऱ्यानें घरींच बसावें हें बरें. मोगलाई माजली हा शब्दप्रयोग मराठींत अंदाधुंदीसाठीं रूढ झाला, तो उगाच नव्हे!

या सर्वांस हात घालण्यापूर्वींच १८५७ साल उजाडलें. १७ जुलै रोजीं तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखालीं जमावानें हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. सालारजंगांनीं इंग्रजांचा पक्ष घेतला आणि शहर ताब्यांत ठेविलें. तुर्रेबाज खान पुढें मारले गेले व मौलवींस अंदमानांत पाठविण्यांत आलें. आज आपण या दोघांस देशभक्त म्हणून मान देतों आणि तो योग्यच आहे. दिवाणाचा त्या वेळचा निर्णय अनेकांस तेव्हांही रुचला नव्हता. १८५९ त त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला, तसाच पुन्हां १८६८ त. आमच्या मतें त्यांच्यापुढें राज्य टिकविणें हा एकच हेतु होता आणि तो त्यांनीं साधला. परंतु त्याची किंमत दुसऱ्यांच्या प्राणांनीं चुकती झाली, हें चरित्र सांगतांना झांकून ठेवणें बरें नव्हे.

त्या निष्ठेचा मोबदला १८६० च्या तहांत मिळाला. धाराशिव व रायचूर दुआब परत आले, सुरपूरचें संस्थान निजामास मिळालें आणि पन्नास लाखांचें कर्ज रद्द झालें. उलट गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांना द्यावा लागला. आज गडचिरोली जिल्ह्यांत असलेलें सिरोंचा त्यांतच गेलें. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला.

हद्द पुन्हां आंखली गेल्यावर सालारजंगांनीं तिच्या आंतील घर आवरण्यास घेतलें. मक्ते बंद झाले. गहाण तालुके सोडविण्यांत आले. १८६५ त जिल्हाबंदी झाली व पगारी तालुकदार नेमले गेले. ठिकठिकाणच्या खाजगी टांकसाळींस आळा घालून हाली शिक्का हें राज्याचें एक नाणें करण्यांत आलें. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, आंतील राहदारीचे कर क्रमाक्रमानें उठवून, राज्याच्या सीमेवर मालाच्या किमतीवर शेंकडा पांच असा जकातीचा दर ठेवण्यांत आला. याचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचा तर असा: बालाघाटचा माल बार्शीच्या पेठेस नेणाऱ्यानें वाटेंत दहा ठिकाणीं हात जोडण्याऐवजीं हद्दीवर एकदां पैसे भरावे, पावती घ्यावी आणि पुढें जावें.

तथापि हें काम कागदावर दिसतें तितकें सोपें नव्हतें. पश्चिमेस कांहीं अंतर सीना नदी दोन राज्यांची हद्द होती, तेवढें ठीक. परंतु जामखेडच्या बाजूस इंग्रजी गांवें व मोगलाईंतील गांवें एकमेकांत शिरलेलीं होतीं. एका गांवाहून सोयऱ्याच्या गांवीं जातांना राज्य बदले, कायदा बदले, आणि रुपयाही बदले. पलीकडे कलदार चाले. पुढें सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब बसला व तो आपल्या आजोबांच्या पिढीस तोंडपाठ असे.

१८६९ त निजाम अफजल-उद्-दौला वारले. गादीचे वारस महबूब अली खान तीन वर्षांचेही नव्हते. म्हणून सालारजंग शम्स-उल्-उमरांसह राज्याचे पालक झाले. आतां त्यांनीं वऱ्हाडचा प्रश्न हातीं घेतला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचे भाव कडाडले होते आणि वऱ्हाड संपन्न झाला होता. फौजेचा खर्च भागेल एवढें भांडवल आम्ही ठेव म्हणून देतों, प्रांत परत करा, अशी त्यांची मागणी होती. हिशेब चोख होता. इंग्रज सरकारनें नकार दिला. १८७६ त ते विलायतेस गेले. वाटेंत पॅरिस येथें पाय घसरून त्यांच्या मांडीचें हाड मोडलें; तरीही ते लंडनास पोंचले. राणी व्हिक्टोरिया यांची भेट झाली, ऑक्सफर्ड विद्यापीठानें सन्माननीय पदवी दिली, मेजवान्या झाल्या. वऱ्हाड मिळाला नाहीं. ज्यांच्यासाठीं त्यांनीं १८५७ त एवढें केलें, त्यांनींच पुढें त्यांच्या या मागणीकडे संशयानें पाहिलें.

१८८३ च्या फेब्रुवारींत एका युरोपीय राजपाहुण्याचें आतिथ्य करीत असतांना सालारजंगांस पटकीचा विकार झाला आणि ८ फेब्रुवारी रोजीं ते हैदराबादेंत निधन पावले. वय अवघें चोपन्न. त्यांतील जवळ जवळ तीस वर्षें दिवाणगिरींत गेलीं.

१९०२ त वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांस कायमचा देण्यांत आला. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबादचें राज्य भारतांत सामील झालें, आणि कांहीं वर्षांतच करोडगिरीचे नाके व हाली शिक्का दोन्ही गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं बीड व धाराशिवसह मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच दिवशीं, त्याच राज्यांत, वऱ्हाडही आला. रायचूर म्हैसूरकडे गेलें व हैदराबाद शहर आंध्राकडे. सालारजंगांच्या वेळच्या हद्दीपैकीं आपल्याकडे उरली आहे ती बीड आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांमधील एक रेघ, आणि तिच्यावरून नांदूरघाटची ज्वारी आज पावतीवांचून जाते.