मेरी लू विल्यम्स : पियानोकडे परत जाणारी वाट



जाझ संगीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात जन्मले. त्यात सर्वांच्या ओठी बसलेली काही जुनी गाणी असतात. त्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. चाल सर्वांना पाठ असते, पण प्रत्येक वादक इतरांचे ऐकत ऐकत तिच्यात आपली भर घालतो. ज्यांच्याविषयी आदर आहे अशा कलावंतांच्या शेजारी बसून असे गाणे वाजवणे, हा जाझ वादकाचा मोठा आनंद. तो भरभरून मिळालेल्या, मध्येच हरवलेल्या आणि पुन्हा गवसलेल्या एका स्त्रीची ही जीवनकथा आहे.

मेरी लू विल्यम्स यांचा जन्म ८ मे १९१० रोजी अटलांटा येथे झाला. आई ऑर्गन वाजवताना लेकीला मांडीवर घेई. एके दिवशी त्या चिमुरडीने आईने वाजवलेले सूर जसेच्या तसे वाजवून दाखवले. पुढे कुटुंब पिट्सबर्गला गेले. तेथे काही गोरे शेजारी त्यांच्या घरावर विटा फेकत. छोटी मेरी त्यांच्याच घरी जाऊन पियानो वाजवू लागली, तेव्हा विटा थांबल्या.

संगीतशाळेत न गेलेल्या या मुलीने तरुणपणी कॅन्सस सिटीत अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात पियानोवादक आणि संगीतरचनाकार म्हणून नाव कमावले. तेथे रात्र रात्र मैफली चालत. १९३०च्या दशकात एकदा भल्या पहाटे सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टर यांनी त्यांच्या खिडकीवर थाप मारली. प्रख्यात वादक कोलमन हॉकिन्स गावात आले होते, कॅन्सस सिटीचे सॅक्सोफोनवादक त्यांच्यासमोर उभे ठाकले होते आणि साथ करून सगळे पियानोवादक थकले होते! मेरी लू झोपेतून उठून गेल्या. ही आठवण त्या पुढे आवर्जून सांगत.

१९४०च्या दशकात त्या न्यूयॉर्कला आल्या. ड्यूक एलिंग्टन यांच्यासारख्या दिग्गजाच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी ‘ब्लू स्काइज’ या स्टँडर्डची नवी मांडणी केली. १९४६ साली तिचे ध्वनिमुद्रण झाले. हार्लेममधील त्यांच्या घरी थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी हे तरुण वादक आपल्या नव्या रचना घेऊन येत. त्या वयाने थोरल्या. पण शिकवता शिकवता त्या शिकतही होत्या.

मग मन रिते झाले. त्या जगात व्यसने होती, फसवणूक होती, मित्रांचे अकाली मृत्यू होते. १९५४ साली पॅरिसमध्ये त्या एका कार्यक्रमातून उठल्या आणि निघून गेल्या. अमेरिकेला परतल्यावर हार्लेममधील लूर्ड्स मातेच्या चर्चमध्ये त्या तासन्‌तास प्रार्थनेला बसत. प्रार्थना हवी असेल तर पियानो सोडलाच पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

येथे प्रश्न केवळ एका कलावंताचा नाही. देवाकडे वळताना देवानेच दिलेले दान टाकून द्यायचे का? देवाची कृपा माणसाचा मूळ स्वभाव मोडत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते, असा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी मांडला. मेरी लू यांना भेटलेल्या धर्मगुरूंनीही त्यांना हीच दिशा दाखवली : तुमचे वादन हीच तुमची सेवा आहे. डिझी गिलेस्पी यांनीही परत येण्याचा आग्रह धरला.

येशूसंघीय फादर अँथनी वूड्स यांच्याकडून त्यांनी धर्मशिक्षण घेतले. मे १९५७मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यासोबत डिझी यांच्या पत्नी लॉरेन यांनीही बाप्तिस्मा स्वीकारला. त्यानंतर दोनच महिन्यांनी न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात मेरी लू आपल्या जुन्या मित्राच्या वाद्यवृंदाबरोबर पुन्हा पियानोवर बसल्या. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण झाले आणि ते आजही ऐकता येते. व्यसनात अडकलेल्या वादकांना त्यांनी स्वतःच्या घरी आसरा दिला, हेही सांगायलाच हवे.

१९६२ साली पोप जॉन तेविसावे यांनी पेरू देशातील मार्टिन डी पोरस यांना संत घोषित केले. त्याच वर्षी मेरी लू यांनी या कृष्णवर्णीय संतावर स्तोत्र रचले. १९६४च्या ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ या ध्वनिमुद्रिकेत ते आहे. त्याच तबकडीवर ‘माय ब्लू हेवन’ हे लोकप्रिय गाणे आहे आणि गर्श्विन यांचे ‘इट एन्ट नेसेसरिली सो’ हेसुद्धा! या दुसऱ्या गाण्याचे मूळ शब्द बायबलमधील गोष्टींवर मिश्कील शंका घेणारे. तरी त्याची चाल त्यांनी निःसंकोच वाजवली आणि स्तोत्राच्या पंगतीला बसवली. प्रार्थना आणि मैफल यांमधली भिंत आता उरली नव्हती.

१९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये त्यांनी रचलेल्या संगीतात मिस्सा झाली. १९७७पासून त्या ड्यूक विद्यापीठात शिकवत होत्या. २८ मे १९८१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आपल्या गायनवृंदातील मुलामुलींनी ही कथा जरूर वाचावी. सोबत्याचा सूर नीट ऐकून मग आपला सूर लावणे, यात जो आनंद मिळतो तो वेदीपासून दूरचा नाही. आणि ज्यांनी मन खट्टू होऊन पेटी, व्हायोलिन किंवा आपला आवाज बाजूला ठेवून दिला आहे, त्यांच्यासाठी जागा अजून रिकामी आहे.