बेडकाच्या पोटातला हात

कर्मिट नावाचा हिरवा बेडूक तुम्ही बघितला असेलच. नसेल तर निदान 2006 साली आपल्याकडे सुरू झालेल्या ‘गल्ली गल्ली सिम सिम’मधली चमकी तरी आठवत असेल. ही सगळी मंडळी एकाच खानदानातली, आणि त्या खानदानाचा मूळ पुरुष म्हणजे जिम हेन्सन.

जिमचा जन्म 24 सप्टेंबर 1936 चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला. गंमत म्हणजे त्याला वेड होतं ते टीव्हीचं. बाहुल्या हा फक्त टीव्ही स्टेशनात घुसायचा मार्ग! मेरीलँड युनिव्हर्सिटीत शिकत असतानाच, 1955 मध्ये, त्याला वॉशिंग्टनच्या एका स्टेशनवर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम मिळाला. आईचा जुना कोट कापून आणि पिंगपाँगच्या बॉलचे दोन अर्धे डोळे लावून त्याने कर्मिट बनवला तो याच काळात. आणि डिग्री कशात घेतली माहितीये? होम इकॉनॉमिक्समध्ये! कारण पपेटचा क्लास त्या डिपार्टमेंटला होता. (घरी असं सांगायची आपली कोणाची हिंमत आहे का?)

त्याआधी टीव्हीवर पपेट शो म्हणजे एक छोटं स्टेज, पडदा आणि समोर कॅमेरा. जिमने ते स्टेजच काढून टाकलं. कॅमेऱ्याची चौकट हेच स्टेज. कलाकार चौकटीच्या खाली, हात वर, आणि नजर जमिनीवर ठेवलेल्या मॉनिटरवर. कॅमेऱ्याला जे दिसतंय तेच त्यालाही दिसतं, आणि त्याप्रमाणे तो हात त्याच क्षणी सुधारतो. म्हणजे चक्क फीडबॅक लूप! फक्त मॉनिटरमधलं चित्र आरशासारखं नसतं, त्यामुळे डावं-उजवं उलटं होतं आणि नवीन माणूस हमखास गडबडतो. 1979 च्या ‘द मपेट मूव्ही’साठी तर कर्मिटला दलदलीत लाकडावर बसवायचं होतं. तेव्हा जिम स्वतः एका लोखंडी टाकीत बसून पाण्याखाली गेला. हवेला नळी, वर कर्मिटसाठी रबरी बाही, आणि मांडीशी छोटा मॉनिटर. तासन् तास!

1969 चं ‘सेसमी स्ट्रीट’ आणि 1976 ते 81 चा ‘मपेट शो’ यांनी तो जगभर फेमस झाला. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी पुढे जाते. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो त्यानंतरचा जिम. 1986 च्या ‘लॅबिरिंथ’मध्ये हॉगल नावाचा बुटका आहे. पोशाखात एक बाई, आणि चेहऱ्यात 18 मोटर, ज्या जिमचा मुलगा ब्रायन आणि आणखी तिघं बाहेरून रिमोटने चालवायचे. चार जणांनी मिळून एक भुवई उचलायची म्हणजे को-ऑर्डिनेशनची कमालच. याच सिनेमाच्या सुरुवातीला उडणारं घुबड मात्र पूर्ण कॉम्प्युटरचं आहे. पिक्चर तेव्हा आपटला.

पण कॉम्प्युटर जिमच्या डोक्यातून गेला नाही. 1989 मध्ये ‘द जिम हेन्सन अवर’मध्ये त्याने वॉल्डो आणला, म्हणजे डिजिटल पपेट. साधं ॲनिमेशन असतं तर एकेक फ्रेम सावकाश बनवता आली असती. इथे स्टीव्ह व्हिटमायर हा कलाकार एका यांत्रिक हातात स्वतःचा हात घालायचा. त्याची हालचाल कॉम्प्युटरला जायची आणि मॉनिटरवर बाकीच्या मपेट्सच्या शेजारी एक ओबडधोबड वॉल्डो लगेच हलायला लागायचा. पॉलिश नंतर, पॅसिफिक डेटा इमेजेस या कंपनीत. पण टायमिंग सगळं त्या हाताचं. माझ्या मते जिमचं सगळ्यात मोठं काम हेच, कर्मिटपेक्षाही. कॉम्प्युटर आला म्हणून त्याने कलाकाराला घरी पाठवलं नाही, बेडकाच्या पोटातला हात काढून सरळ कॉम्प्युटरच्या पोटात घातला.

शो त्याच वर्षी बंद पडला. आणि 16 मे 1990 ला जिम गेला, वय फक्त 53. घशातल्या साध्या वाटणाऱ्या बॅक्टेरियाचं इन्फेक्शन अंगभर पसरलं, आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत खूप उशीर झाला होता. न्यूयॉर्कच्या शोकसभेला काळे कपडे घालून यायचं नाही, असं त्याने आधीच लिहून ठेवलं होतं.

कंपनी ब्रायनने सांभाळली. 1999 मध्ये ‘फारस्केप’ नावाची सायन्स फिक्शन मालिका आली, शूटिंग ऑस्ट्रेलियात, एकूण 88 एपिसोड. यात मोया हे जिवंत अवकाशयान आहे, ते बाहेरून दिसतं तेव्हा डिजिटल. पण आत गेलं की ते चालवणारा पायलट हा खेकड्यासारख्या हातांचा अवाढव्य पपेट, आणि रायगेल हा चिडका, खादाड, पदच्युत राजा, तोही पपेट. जे कॅमेऱ्याला दिसायला नको ते कॉम्प्युटरने पुसायचं. त्यामुळे हिरोचं काम करणारा बेन ब्राउडर रायगेलशी भांडतो तेव्हा तो हवेत बघून डायलॉग मारत नाही. समोर खरे डोळे असतात, ते मिचकावतात, आणि मध्येच दुसरीकडे बघतात. खाली वाकून बसलेली माणसं तेव्हाही मॉनिटरकडेच बघत होती.