छात्रालयातले साने गुरुजी

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे तिथले छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुले पसारा टाकून शाळेत गेली की गुरुजी स्वतः खोल्या झाडत, अंथरुणे घडी करत, मळके कपडे धूत. रागावणे नाही. शिवाय मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. हळूहळू मुले आपणहून खोल्या आवरू लागली. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले.

आमच्याकडे पलंग नीट नसला की मैदानाला फेऱ्या. त्या मारल्या की हिशेब मिटतो, आणि इन्स्पेक्शन नसेल त्या दिवशी पलंग पुन्हा तसाच! गुरुजींनी माझी चादर घडी केली असती, तर मला त्यांच्यासमोर उभे राहवले नसते. फेऱ्या परवडल्या.