औट्रमच्या वाटेवरून एकट्याने

एकट्याने प्रवासाला निघण्याची आवड शहरवासीयांत अलीकडे वाढीस लागली आहे. खानदेशाचा नकाशा पुढे घेऊन असा बेत आखणारा प्रवासी साधारणपणे तीन टप्पे ठरवतो. पहिला मुक्काम जळगावला, तेथून अजिंठ्याची लेणी. दुसरा मुक्काम धुळ्याला, तेथे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या स्मृत्यर्थ उभे राहिलेले संशोधन मंडळ. आणि या दोन शहरांच्या मध्ये, चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत, एखाद-दुसरा दिवस जंगलात. या जंगलाचे सरकारी नाव ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’ असे आहे. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटालाही हेच नाव आहे. नकाशावरचे हे परके नाव कोणाचे, असा प्रश्न त्या प्रवाशाला पडला, तर त्याचे उत्तर त्याला थेट 1825 सालच्या खानदेशात घेऊन जाते. कारण शहराचा मुक्काम सोडून या रानात एकट्याने शिरण्याचा बेत तेव्हा बावीस वर्षांच्या एका तरुणाने केला होता. त्याचे नाव जेम्स औट्रम.

जेम्सचा जन्म 29 जानेवारी 1803 रोजी इंग्लंडमधील डर्बिशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम नामांकित अभियंते होते. मात्र जेम्स अवघा दोन वर्षांचा असताना ते वारले आणि घरावर विपन्नावस्था ओढवली. आईने स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे राहून मोठ्या कष्टाने मुलांना वाढवले. जेम्सला पुस्तकांपेक्षा मैदानी खेळांत अधिक गोडी होती. सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत त्याची निवड झाली आणि 1819 च्या ऑगस्टमध्ये तो मुंबईच्या किनाऱ्यावर उतरला. शरीरयष्टी लहानखुरी, प्रकृती वारंवार बिघडणारी. परंतु हिंमत विलक्षण होती.

1818 मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला, तेव्हा हा प्रांत उजाड झालेला होता. होळकरी फौजांच्या स्वाऱ्या, 1803-04 चा भीषण दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचे हल्ले यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. शेतात रान माजले आणि त्या रानात वाघ शिरले. गावाची राखण हा ज्यांचा परंपरागत हक्क, ते भिल्ल डोंगरात ढकलले गेले आणि लुटीवर जगू लागले. पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे निवडून तेथे नवी पेठ वसवली. भिल्लांना वठणीवर आणण्यासाठी त्याने फौजा धाडल्या, नाक्यांची कोंडी केली, काही नाईकांना तनखे दिले. तरीही वाटा सुरक्षित होईनात. व्यापाऱ्याचा तांडासुद्धा पहाऱ्याशिवाय हलत नसे. एकट्या वाटसरूची तर गोष्टच नको.

1825 मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. भिल्लांसाठी तीन स्वतंत्र एजन्सी नेमल्या. घाटाच्या डोक्यावरील कन्नड येथे ओव्हान्स या अधिकाऱ्याने भिल्लांना जमिनी, बैल आणि तगाई देऊन शेतीला लावण्याचे काम हाती घेतले. भिल्लांचीच एक पलटण उभारण्याची कामगिरी औट्रमकडे आली. त्याच वर्षी मुल्हेरचा किल्ला बंडखोरांच्या हाती गेला असता, मोजक्या शिपायांनिशी रातोरात कूच करून त्याने तो परत घेतला होता. तो पराक्रम वरिष्ठांच्या नजरेत भरला होता.

ही नवी कामगिरी तलवारीने होण्यासारखी नव्हती. कंपनीचा शब्द भिल्लांनी अनेकदा मोडलेला पाहिला होता. पलटणीत भरती म्हणजे सर्वांना एकत्र आणून कापून काढण्याचा डाव, असा त्यांचा संशय होता. औट्रमने शिपायांचा पहारा मागे ठेवला आणि नाईकांच्या मुलखात तो एकटा गेला. त्यांच्या झोपड्यांजवळ झोपला, त्यांच्यासोबत शिकारीला गेला, त्यांच्या गोष्टी ऐकल्या आणि त्यांना मनसोक्त दारूही पाजली. अखेरीस पाच धाडसी भिल्ल त्याच्याबरोबर यायला तयार झाले. त्या पाच जणांतून खानदेशची भिल्ल पलटण जन्मास आली. जळगावहून अमळनेरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आज धरणगाव हे स्थानक लागते. त्या गावात या पलटणीचे ठाणे होते.

या विश्वासाची खरी कसोटी वाघाच्या शिकारीत लागे. खंडू नावाच्या भिल्ल शिकाऱ्याने एकदा डोंगराच्या उतारावर, निवडुंगाच्या जाळीत वाघ असल्याची खबर आणली. औट्रम पायीच निघाला. नेम चुकला आणि वाघाने झेप घेतली. दोघेही उतारावरून गडगडत खाली आले. त्या अवस्थेतच पिस्तूल काढून औट्रमने वाघाच्या मस्तकात गोळी घातली. रक्तबंबाळ साहेबाला पाहून भिल्ल हळहळू लागले, तेव्हा त्याने त्या जखमांना मांजराच्या ओरखड्याहून अधिक महत्त्व दिले नाही. ही हकिकत पाड्यापाड्यांवर पोहोचली. जो माणूस आपल्याबरोबर वाघासमोर उभा राहतो तो दगा देणार नाही, असा भरवसा त्यातून निर्माण झाला. काही वर्षांतच पलटणीत शेकडो भिल्ल दाखल झाले.

मात्र या हिशेबाला दुसरी बाजू आहे. 1825 ते 1834 या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी खानदेशात 235 वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रात सापडते. त्यांपैकी 191 वाघांच्या वधास तो स्वतः हजर होता. अस्वले 25, बिबटे 15 आणि रानरेडे 12 हे निराळेच. गुरे आणि माणसे वाघाच्या तोंडी जात असताना शेतकऱ्याला हा दिलासा वाटला असेल, यात शंका नाही. सरकारलाही रान तोडून जमीन लागवडीखाली आणायची होती आणि त्यातून महसूल हवा होता. खानदेशच्या सपाटीवरून वाघ पुढे हद्दपार झाला, त्याची सुरुवात या काळात झाली. वाघाचा माग काढणारे, हाकारे घालणारे, जाळीत सर्वांत आधी पाऊल टाकणारे भिल्लच होते. खंडूसारख्या एखाद्याचे नाव टिकले. बाकीचे नावानिशी उरले नाहीत.

त्या विश्वासाचा उपयोगही साम्राज्याने आपल्या सोयीने करून घेतला. 1830 मध्ये डांगच्या राजांविरुद्धच्या मोहिमेत औट्रमने हीच पलटण नेली. पुढे 1857-58 मध्ये सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा भिल्ल पलटण इंग्रजांच्या बाजूने उभी होती. ज्या डोंगरात औट्रम एकटा पाहुणा म्हणून गेला होता, तेथे भिल्लावर भिल्ल चालून गेले.

औट्रम स्वतः 1835 मध्ये खानदेश सोडून गुजरातेत महीकांठ्याला गेला. पुढील आयुष्य त्याने घोड्यावरच काढले, असे म्हटले तरी चालेल. पहिल्या अफगाण युद्धात 1839 मध्ये कलात पडल्यानंतर अफगाणी फकिराच्या वेषात, मोजक्या साथीदारांसह, बलुचिस्तानच्या अनोळखी मुलखातून आठवडाभरात तो समुद्रकिनाऱ्यावरील सोनमियानीला पोहोचला. सिंधच्या अमिरांवर लादलेले युद्ध त्याला अन्याय्य वाटले. त्या लुटीतील आपला वाटा त्याने स्वतःकडे न ठेवता धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. साताऱ्यानंतर बडोद्याला रेसिडेंट असताना तेथील लाचखोरीची ‘खटपट’ त्याने उघडकीस आणली आणि त्यापायी त्याला पद गमवावे लागले. तरीही त्याच औट्रमने 1856 मध्ये अवधचे राज्य खालसा करण्याचा हुकूम अमलात आणला. 1857 मध्ये लखनौच्या वेढ्यावर जाताना वरिष्ठ असूनही त्याने सेनापतित्वाचा मान हॅवलॉककडे राहू दिला. प्रकृती पूर्ण ढासळल्यावर तो मायदेशी परतला आणि 11 मार्च 1863 रोजी फ्रान्समधील पो या गावी त्याचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला दफन करण्यात आले.

महाराष्ट्राच्या नकाशावर त्याचे नाव राहिले ते एका घाटाला, आणि त्या घाटावरून 1986 मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याला. सुमारे 260 चौरस किलोमीटरच्या या रानात बिबटे, अस्वले, नीलगायी, रानडुकरे आहेत. पितळखोऱ्याची प्राचीन लेणी याच परिसरात आहेत. वाघ येथे कित्येक दशके नव्हता. मार्च 2021 मध्ये मात्र यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण नर वाघ शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडत येथे पोहोचला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. शेकडो किलोमीटरचा हा प्रवास त्याने एकट्याने केला होता. वाघांच्या शिकारीने गाजलेल्या माणसाचे नाव मिरवणाऱ्या रानात त्याला आसरा मिळाला, हा काळाचा मोठाच पालट म्हणावा लागेल.

खानदेशात एकट्याने जाऊ इच्छिणाऱ्याने हा इतिहास ध्यानी ठेवून बेत आखावा. पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमधील जळगाव-धुळ्याचा उन्हाळा पाहुण्याला सोसवत नाही. मुक्काम शहरात ठेवावा, चाळीसगाव गाठून पहाटे रानाकडे निघावे, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी आणि आत जाताना स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा. जंगलात पायी एकट्याने भटकण्याचे साहस करू नये. औट्रमची ख्याती एकट्याने जाण्याबद्दल असली, तरी रानात तो एकटा कधीच नव्हता; वाट माहीत असलेला भिल्ल सदैव त्याच्या पुढे चालत होता. आपल्या वाटाड्याचे नाव विचारावे, त्याची मजुरी पुरती द्यावी आणि घरी परतल्यावर प्रवासाचे टिपण लिहिताना ते नाव त्यात आवर्जून घालावे.